वाकडीमायची खोळ

रोज सकाळी, चहाच्याही आधी, यमुताई डाव्या तळहातावर शेंदूर घ्यायची, त्यात जवसाच्या तेलाची बारीक धार सोडायची आणि दोन बोटांनी मळत बसायची. वाटी नाही, चमचा नाही. तळहाताच्या उबेनंच शेंदूर वठणीवर येतो, असं तिची सासू म्हणायची. तो लोण्यासारखा झाला की यमुताई उठायची, पण लेप द्यायची घाई करायची नाही. आधी उजवा अंगठा वाकडीमायच्या डाव्या कानाखाली टेकवायची. तिथं एक खळगा होता, अंगठ्याचं पेर जाईल एवढा. न्हाऊ घालण्याआधी तान्ह्या बाळाची मान चाचपावी तसा तो चाचपायची आणि मग खांद्यापासून सुरुवात करायची. चव्वेचाळीस वर्षं. बाळंतपणं आणि शिवाशिवीचे दिवस सोडले तर एक सकाळ चुकली नाही, आणि त्या दिवसांत तिच्या जागी सासूचा अंगठा असायचा, सासू गेल्यावर नवऱ्याचा. म्हणूनच तर तो खळगा इतक्या शेंदरातही बुजला नव्हता.

वाकडीमाय नागपूरच्या बाहेर, बेसाच्या पुढं, रस्ता अजून शेताकडे वळतो त्या वळणावर, चिंचेखाली उभी होती. चार दगडी खांब, वर टिनाचं छप्पर. कमरेत जराशी कललेली, म्हणून वाकडी. बाकी तिचं नाक कसं, ओठ कसे, गळ्यात काय, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. शेंदरावर शेंदूर चढून ती एक मोठी केशरी बाहुली झाली होती. वरून चिकटवलेले चांदीचे दोन डोळे, तेवढीच ओळख. यमुताईचं घर गुरवाचं. मायची सेवा पिढ्यान्‌पिढ्या त्या घराकडे. त्यात मिळकत अशी काही नव्हती. नारळाचं अर्धुक आणि नवरात्रातली खणाची चोळी. पण गावात कुणाच्या घरी पहिलं लेकरू झालं की त्याला आधी यमुताईच्या मांडीवर आणून ठेवायचे, मग मायच्या पायावर.

मग शेतांचे प्लॉट पडले, लेआऊटचे दगड रोवले गेले. दगडांमागून टॉवर आले. टॉवरातल्या लोकांना देवळाबद्दल कळलं, देवी जागृत आहे हे कळलं, आणि देवीला टिनाचं छप्पर आहे याची त्यांना लाज वाटू लागली. जीर्णोद्धार समिती झाली. अध्यक्ष झाले मनोहरराव.

मनोहरराव कुठल्याशा मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. बोलणं मऊ, कुर्ता कडक इस्त्रीचा. जुन्या मूर्तींवर ते व्याख्यानं द्यायचे. त्यांच्या बंगल्याच्या पोर्चमध्ये दोन भग्न शिळा ठेवलेल्या होत्या आणि त्या 'शेतात सापडल्या' असं ते येणाऱ्याला सांगायचे. कुणाच्या शेतात, हे कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्या सभेत ते यमुताईला म्हणाले, "ताई, तुम्ही किती मोठा वारसा सांभाळताय याची तुम्हाला कल्पना आहे का?"

"वारसा नाई सांभाळत साहेब. माय सांभाळतो," यमुताई म्हणाली.

लोक हसले. मनोहररावही हसले. "तेच ते," म्हणाले.

तेच नव्हतं. पण हे कळायला तिला वर्ष लागलं. त्या दिवसांत तिनं दोनदा पाहिलं होतं की साहेब मायच्या मागं जाऊन पायाजवळ शेंदराचा पापुद्रा उडालेल्या जागी लहानशी बॅटरी धरून बसलेत. एकदा त्यांनी बोटाच्या पेरानं तिथं टकटक केलं. यमुताईला वाटलं, केवढी भक्ती.

ठरलं असं: जुन्या जागेच्या बाजूला ग्रॅनाइटचं देऊळ, स्टीलचे कठडे, आणि मायची जुनी खोळ उतरवून तिला वज्रलेप. खोळ म्हणजे वर्षानुवर्षांच्या शेंदराचं कवच. तेलानं ते दगडासारखं कठीण होतं आणि कधी पन्नास, कधी शंभर वर्षांनी आपोआप सुटतं. माय खोळ टाकते, असं म्हणतात. सासूच्या सासूच्या काळात एकदा टाकली होती. देऊळ बांधून झाल्यावर मनोहररावांनी खोळ उतरवायला माणूस आणला, तो छिन्नी घेऊन आला. यमुताई मायसमोर आडवी झाली.

"छिन्नी नाई लावायची. तीन दिवस द्या मले. मी उतरवतो."

मनोहररावांनी दिले. त्यांनाही मूर्तीवर ओरखडा नकोच होता. तो का नको होता, ते मात्र तिच्या ध्यानात आलं नाही. तीन दिवस ती कोमट तेलात भिजवलेल्या चिंध्या मायच्या अंगाला गुंडाळत होती आणि लाकडी पट्टीनं कडा सैल करत होती. तिसऱ्या दिवशी दिवस कलताना समोरचा भाग, डोक्यापासून कमरेपर्यंत, अखंड सुटला आणि तिच्या मांडीवर आला, मूल यावं तसा.

तिनं वर पाहिलं.

तांबूस दगड. खाली झुकलेल्या पापण्या. नाकाचा शेंडा उडालेला, पण त्यानं चेहऱ्याचं काही बिघडलेलं नव्हतं. गळ्यात तीन पदरी माळ, एकेक मणी मोजून घ्यावा अशी. आणि डाव्या कानाखाली, कुंडल होतं तिथला टवका उडून पडलेला खळगा. चव्वेचाळीस वर्षं जो अंगठ्याला ठाऊक होता तो आता डोळ्यांना दिसला. यमुताईनं उरलेलं तेल ओंजळीत घेऊन मायच्या गालावर, खांद्यावर फिरवलं. दगडानं ते पिऊन टाकलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा प्यालं. बाईला किती दिवसांची तहान होती कोण जाणे.

मागं मनोहरराव उभे होते. त्यांनी बॅटरी काढून मायच्या गळ्यावरून फिरवली. मग म्हणाले, "कापड आणा."

पांढऱ्या कापडात गुंडाळून माय त्यांच्या फार्महाऊसवर गेली. वज्रलेप, मग तांदळाच्या राशीत अकरा दिवस ठेवायची, मग प्रतिष्ठा. तोवर कुणी पाहायचं नाही, शास्त्र आहे. शास्त्र म्हटल्यावर गावानं माना डोलावल्या. खोळ तिथंच जमिनीवर राहिली होती. ट्रकात सामान चढवणाऱ्याला मनोहरराव म्हणाले, "तेवढा कचरा बाजूला करा."

यमुताईनं तो कचरा लुगड्यात घेतला. रीत अशी की उतरलेली खोळ गुरवाच्या बाईनं कन्हान नदीच्या धारेत सोडायची. पण त्या वैशाखात कन्हानला घोटाभर पाणी. खोळ चिखलात उघडी पडली असती, कुत्र्यांनी चाटली असती. पाणी आल्यावर सोडू म्हणून तिनं ती कापसात गुंडाळली आणि लोखंडी पेटीत, स्वतःच्या लुगड्यांखाली ठेवली.

प्रतिष्ठा थाटात झाली. नव्या मायला केशरी वज्रलेप, नवे चांदीचे डोळे, कमरेत तोच कल. दुसऱ्या दिवशी सकाळी यमुताईनं तळहातावर शेंदूर मळला, उठली, अंगठा टेकवला.

खळगा नव्हता.

तिनं वर चाचपलं, खाली चाचपलं. मग तेलाचा हात फिरवला. तेल गालावरून ओघळलं, गळ्यावरून, पोटावरून, आणि पायाशी थारोळं झालं. घरी येऊन तिनं सुनेला, वंदनाला, सांगितलं, "हे आपली माय नाई वं."

वंदनानं पोळी तव्यावर तशीच राहू दिली. "म्हणजे?"

"म्हणजे नाई. दुसरीच कोणी बाई आणून उभी केली हाये."

ती सभेत बोलली. मनोहररावांनी शांतपणे ऐकून घेतलं. वज्रलेपानं खळगा भरला, छिद्रं बुजली, म्हणून तेल जिरत नाही, इतकं साधं आहे, म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, पण मायेनं: "ताई, वयाप्रमाणे बोटांची संवेदना कमी होते. माझ्या आईचंही असंच झालं होतं."

मागून कुणीतरी म्हणालं, "पगारी पुजारी ठेवून घ्या ना आता. काकूंना आराम."

ठेवला. यमुताईच्या हातातली नव्या देवळाची किल्ली काढून घेतली, वर शाल दिली आणि नारळ. ती शाल तिनं कधी उघडली नाही.

तिचा मुलगा अमोल त्याच टॉवरमध्ये लिफ्ट आणि पंप बघायचा. ती नोकरी मनोहररावांच्या शब्दावर लागलेली. तो संध्याकाळी आला तो चप्पल न काढता बोलायला लागला. "आई, काहून लावून राहिली तू हे? साहेबांनी मले बोलावलं होतं. काही म्हणाले नाईत. फक्त म्हणाले, आईले जरा डॉक्टरले दाखव."

"मंग दाखव. मले काय झालं ते त्याले इचार."

"सगळ्या गावाले माय दिसून राहिली, तुले एकटीले नाई दिसून राहिली. मी काय सांगू लोकायले?"

"सांग, माही आई खोटी हाये. सोपं पडते."

अमोल तसाच बाहेर निघून गेला. पुढचे आठ दिवस तो आईशी बोलला नाही, आणि त्या आठ दिवसांत यमुताई एकटीच ठाण्यावर गेली. हवालदारानं रजिस्टर उघडलं, पेन धरलं आणि विचारलं, "काय चोरीले गेलं?"

"माय."

"मूर्ती? मी कालच दर्शन घेतलं आजी. मूर्ती जागेवर हाये. कुलूप जागेवर हाये. दानपेटी जागेवर हाये. मंग चोरीले काय गेलं?"

"ते मूर्ती दुसरी हाये."

"जुन्या मूर्तीचा फोटो हाये?"

"शेंदरातला हाये."

"शेंदरातले तर सगळेच देव सारखे दिसते." त्यानं पेन खाली ठेवलं. मग सहज, गंमत म्हणून म्हणाला, "आणि आजी, किल्ली तं तुमच्याकडेच राहत होती ना गा?" 

'गा' पुरुषाला म्हणतात. त्यानं तिला तसं म्हटलं, आणि दारातला शिपाई हसला. यमुताई वळून बाहेर आली. भीती नव्हती, राग होता. चव्वेचाळीस वर्षं जिच्यावर सकाळचा पहिला हात ठेवला ती बाई कुठल्या पेटाऱ्यात, गवतात, तोंड खाली करून पडली असेल, आणि इथं ही माणसं हसत होती. त्याहून मोठा राग तिला स्वतःचा आला. छिन्नी तिनं अडवली होती. तीन दिवस तेल घालून, ओरखडाही न पडू देता, तिनंच मायला उघडी करून त्यांच्या हाती दिली होती. चोराला इतकं नीट काम करून देणारं माणूस दुसरं मिळालं नसतं.

पाऊस झाला, कन्हानला पाणी आलं. खोळ सोडायला ती गेली नाही. मायचं तेवढंच अंग आता तिच्यापाशी होतं.

भाद्रपदात अरुंधती आली. विद्यापीठात शिकणारी मुलगी, गावोगावच्या जुन्या देवळांची नोंद करत हिंडायची. तिनं देऊळ पाहिलं, नवा ग्रॅनाइट पाहिला, वहीत दोन ओळी लिहिल्या आणि वही मिटली. पुजाऱ्यानंच तिला हसत सांगितलं, इथं एक म्हातारी आहे, तिला विचारा, ती म्हणते ही देवी नकली आहे. अरुंधती हसली नाही. घर विचारत आली आणि ओट्यावर बसली. यमुताई बोलत होती तोवर तिनं एकदाही फोन पाहिला नाही.

सगळं ऐकून म्हणाली, "आजी, हे लोक अशाच मूर्ती हेरतात. शेंदरातल्या. आतला दगड कुणी पाहिलेला नसतो, त्याचा फोटो कुठं नसतो. ज्याचा फोटो नाही त्याची चोरी झाली हे सिद्ध कसं करायचं?"

"मी पाह्यली ना."

"तुम्ही पाहिली. पण ते कोर्टात..." ती थांबली.

यमुताई उठून आत गेली. पेटीचं झाकण वाजलं. कापसात गुंडाळलेलं ओझं तिनं दोन्ही हातांनी आणून अरुंधतीसमोर ठेवलं आणि कापूस बाजूला केला. "तिचं एवढंच हाये माह्यापाशी."

अरुंधतीनं हात जोडले आणि मग, विचारून, खोळ उलटी केली. आतली बाजू काळपट आणि गुळगुळीत होती. बाहेर शेंदराचा ओबडधोबड गोळा. आत, खोलगट, उलट्या बाजूनं, झुकलेल्या पापण्या. तीन पदरी माळेचा एकेक मणी खळीसारखा उमटलेला. नाकाच्या जागी शेंडा नसलेला आडवा काप. आणि डाव्या कानाखाली, जिथं दगडात खळगा होता तिथं, शेंदराचा एक उंचवटा, अंगठ्याच्या पेराएवढा.

अरुंधतीनं त्या उंचवट्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आजी, हा तर साचा आहे."

साच्यातून चेहरा काढायचा म्हणजे त्यात प्लास्टर ओतायचं. यमुताईनं नाही म्हटलं. खोळ म्हणजे मायचं अंग, त्यात चुना ओतायचा? आणि तडकली तर? दोन दिवस तिनं नाहीच म्हटलं. तिसऱ्या दिवशी ती स्वतः खोळ मांडीवर घेऊन अमोलच्या मोटरसायकलवर मागं बसली. अमोल आला होता. खोळीच्या आत त्यानं एकदाच पाहिलं होतं आणि गाडी काढली होती.

चितार ओळीत, नागपूरच्या मूर्तिकारांच्या गल्लीत, रुपराव होते, चार पिढ्या गणपती घडवणाऱ्या घरातले. गणपती नुकतेच गेलेले, त्यामुळे हात रिकामे. त्यांनी खोळ उजेडाकडे धरली, आत साबणाचं पाणी फिरवलं आणि यमुताईला म्हणाले, "वहिनी, तडकली तर माह्यावर नाव येईन."

"तडकली तर माह्यावर. ओता."

"तुम्हीच ओता मंग. मी धरतो."

तिनं ओतलं. पातळ पांढरं प्लास्टर माळेच्या मण्यांतून, पापण्यांतून पसरत गेलं. अर्धा तास ती तिथं उकिडवी बसून राहिली. खोळ काढताना एका कडेला चिरली. रुपरावांनी जीभ चावली. आणि मग पाटावर, पांढऱ्याफटक प्लास्टरमध्ये, माय होती. रुपराव घडवणारा माणूस, त्यांनी लगेच चूक-बरोबर पाहिलं आणि मान हलवली. "हे आजच्या हाताचं काम नाई. आजकाल एवढा धीर कोणापाशी हाये."

अरुंधतीनं फोटो घेतले आणि सहा आठवडे परदेशातल्या लिलावांची पानं धुंडाळली. एका दुपारी ती धावतच आली. फोनवरच्या चित्रात काळ्या पडद्यासमोर, खालून उजेड सोडलेली, तांबूस दगडाची बाई. अंगावर शेंदराचा कणही नाही, कुणीतरी घासून काढलेला. नाकाचा शेंडा नाही. कानाखाली खळगा. खाली लिहिलं होतं: देवी, मध्य भारत, एका खासगी संग्रहातून, साठ वर्षांपूर्वी घेतलेली.

"साठ?" यमुताईनं विचारलं. "साठ वर्षांमागं माही सासू तिले आंघोळ घालून राहिली होती."

"खोटी कागदं करतात आजी. आणि किंमत लावलीय..."

"ते नको सांगू मले."

तिनं किंमत कधीच विचारली नाही. तिला एवढंच हवं होतं की माय चिंचेखाली परत यावी. सगळ्यांना ती तेवढंच सांगायची, पोलिसांना, पेपरवाल्यांना, आणि सगळे मान हलवून दुसरंच काही लिहून घ्यायचे.

प्लास्टरचा चेहरा आणि ते चित्र शेजारी शेजारी ठेवल्यावर मात्र हसणं थांबलं. लिलाव रोखला गेला. बाहेरून पोलिसांचं पथक आलं, फार्महाऊसच्या पंपघरात गोणपाटाखाली आणखी अकरा मूर्ती सापडल्या. त्यांच्यातल्या एकीलाही ओळखायला कुणी आलं नाही. येणार कोण? कुठलीतरी अकरा गावं अजून सिमेंटला हात जोडत होती, ग्रॅनाइटवर नाक घासत होती, समाधानात होती. मनोहररावांना महिन्याभरात जामीन झाला. पुढच्या थंडीत ते एका सभागृहात पहिल्या रांगेत बसलेले दिसले. विषय होता, आपला वारसा. यमुताईनं पेपरातला तो फोटो पाहिला, घडी घातली आणि चुलीत टाकला.

माय देशात परत यायला वर्ष लागलं. दिल्लीत समारंभ झाला, हार घातले गेले, फोटो निघाले. यमुताईला कुणी बोलावलं नाही; तिला ते टीव्हीवर दिसलं, भाजी निवडताना. खटला नागपुरात, म्हणून मुद्देमाल नागपुरात आला. मुद्देमाल, हे मायचं नवं नाव. सरकारी गोदामात, जप्त केलेल्या मोटरसायकली आणि दारूच्या पिंपांशेजारी तिला उभं केलं. खटला संपेपर्यंत ती तिथंच.

आणि संपल्यावर? ते समितीनं पत्रच लिहून कळवलं. नव्या मूर्तीची विधिपूर्वक प्राणप्रतिष्ठा झालेली आहे, एका गाभाऱ्यात दोन देवी ठेवता येत नाहीत, जुनी मूर्ती शासनानं संग्रहालयात ठेवावी. सही करणाऱ्यांत टॉवरातले होते आणि गावातलेही होते. त्यातल्या तिघांना त्यांच्या आयांनी पहिल्यांदा यमुताईच्या मांडीवर ठेवलं होतं. ती त्यांच्या दारात गेली. एकानं चहा विचारला. दुसरा म्हणाला, "काकू, नवी किती देखणी हाये. आता जाऊ द्या ना." तिसऱ्यानं टीव्हीचा आवाज कमी केला नाही.

या सगळ्यात मनोहररावांपेक्षा तिला हे जास्त लागलं. चोर चोर असतो. पण ज्याच्या घरात चोरी झाली तोच म्हणतो की चोरानं ठेवलेलं बरं आहे, त्याला काय म्हणायचं?

साक्षीच्या दिवशी मनोहररावांच्या वकिलानं विचारलं, "आपण ही मूर्ती शेंदराशिवाय किती वेळ पाहिली?"

"दोनदा तेल जिरेपर्यंत."

"म्हणजे किती मिनिटं?"

"ते घड्याळवाल्याले इचारा."

कोर्टात हसू उमटलं. वकील चिडला आणि त्यानं स्वतःच चूक केली. म्हणाला, मग या बाईंची परीक्षाच घ्या. दोन्ही मूर्ती आणा, कापडानं झाका, नुसत्या हातानं ओळखू द्या. न्यायाधीशांनी पुढच्या तारखेला तसं केलं. यमुताईनं पहिल्या कापडाखाली हात घातला, लगेच काढला आणि पदराला पुसला. "हे या वकिलाच्या साहेबानं बसवलेली."

दुसऱ्या कापडाखाली तिचा अंगठा वर सरकत गेला आणि थांबला. सगळं कोर्ट वाट पाहत होतं, टाइप करणारी मुलगी हात अधांतरी धरून बसली होती. मग यमुताईचा हात मानेमागं गेला आणि तिचा चेहरा बदलला. तिनं न विचारताच कापड ओढलं. मानेवर, केसांच्या अंबाड्याखाली, पांढऱ्या ऑइलपेंटनं आकडे लिहिलेले होते.

"हे कोणं केलं?"

कारकून म्हणाला, "नंबर हाये आजी. मुद्देमालाचा."

"चिठ्ठी बांधता येत नव्हती? दोरा नव्हता तुमच्यापाशी?"

"रीत हाये ते."

"माणसाच्या मानेवर लिहिते का कोणी?"

न्यायाधीशांनी ओळख पटल्याची नोंद करायला सांगितली आणि पुढची तारीख दिली. रंगाबद्दल नोंद झाली नाही.

त्यानंतर तिला कोर्टात यायची गरज नव्हती, तिचं काम झालं होतं. पण ती प्रत्येक तारखेला गेली. अमोलची टॉवरमधली नोकरी तोवर सुटली होती. तो दुसरीकडे लागला होता आणि तारखेच्या दिवशी आईला बसस्टॉपवर सोडायचा. ती मागच्या बाकावर बसायची. कधी वकील यायचा नाही, कधी आरोपीला ताप असायचा, कधी न्यायाधीश रजेवर. प्रत्येक वेळी ती कारकुनापाशी जाऊन एकच विचारायची, माय परत कधी नेता येईल, आणि एक अर्ज द्यायची, अरुंधतीनं लिहून दिलेला, खाली तिचा अंगठा. सही तिला येत होती. पण अर्जावर अंगठाच पाहिजे, म्हणायची. समितीचं म्हणणं काही का असेना, देऊळ मिळो न मिळो, चिंचेखालची जुनी जागा मोकळी आहे, चार खांब अजून पडलेले आहेत, मी उभे करते, असं त्या अर्जात होतं. एकोणीस अर्ज झाले. एकाचंही उत्तर आलं नाही.

विसाव्या तारखेच्या सकाळी, माघात, ती तयार होऊन ओट्यावर बसली होती, चपला घालून. अमोल गाडी पुसत होता. त्यानं हाक मारली तेव्हा तिनं मान वर केली नाही; जवळ येऊन खांदा हलवला, तर श्वास थांबलेला होता. अर्ज पिशवीत होता. माय अजून गोदामातच आहे.

त्याआधी, पाच-दहा मिनिटं असतील, तिनं स्वयंपाकघराच्या दारातून वंदनाला सांगितलं होतं, "डब्यात भाजी कोरडी दे वं. मागच्या तारखेले सारी पिशवी खराब झाली."